वकिलाच्या गुलाबी खोलीतले सात आठवडे

हॉटेलच्या गच्चीवरची चूल बंद व्हावी म्हणून पालिकेला पत्र लिहिणारा माणूस मी होतो. पत्राखाली नाव घातलं नाही. ‘एक जागरूक नागरिक’ असं लिहिलं. ते पोस्टात टाकलं त्याच दुपारी त्या चुलीवरची भाकरी जेवलो आणि आणखी अर्धी मागून घेतली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या हॉटेलच्या मालकीणबाईंचं कौतुक करणार आहे, आणि ते वाचताना मी कुणी सज्जन पाहुणा होतो असा कुणाचा समज व्हायला नको.

आम्ही डोंबिवलीचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी बायको भाजी घेऊन येताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया ठाण्यात झाली. पुढे रोज व्यायाम करून घेणारे डॉक्टर नौपाड्यात होते आणि मला ऑफिसही ठाण्यातच. घरी नेलं तर रोज तीन जिने उतरवायचे कसे, हा प्रश्न. बंगळूरला असलेल्या मुलीने तो मोबाइलवर सोडवला. फोटो पाठवले आणि म्हणाली, “बाबा, डॉक्टरांपासून चालत पाच मिनिटं. बुटीक हॉटेल आहे. आईला आवडेल.”

नौपाड्यात आम्ही पूर्वी यायचो ते डोळे तपासायला, नाही तर लग्नाच्या पत्रिका छापायला. आता त्या गल्लीत कॉफीची दुकानं झाली आहेत, जिथे एक खुर्ची दुसरीसारखी नसते आणि ते मुद्दाम असतं. नुसत्या कुंड्यांचं एक दुकान आहे. पोरंपोरी भिंतीला टेकून एकमेकांचे फोटो काढत उभी असतात. त्यातल्या बहुतेकांची पाठ ज्या भिंतीला टेकलेली असते, ती बाईंच्या हॉटेलची. पुढची बाजू केशरी, डावी भिंत जांभळी, खिडक्या पिवळ्या, आणि दारातल्या पाच पायऱ्या पाच रंगांच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, रंगाऱ्याचं आणि मालकाचं भांडण झालं असावं.

बाईंचा मुलगा दुबईला, त्यामुळे काउंटरवर सून बसायची. ती पाहुण्यांना सांगायची, “सर, आमची सगळी पॅलेट क्युरेटेड आहे.” बाई मागून जाता जाता म्हणायच्या, “कसली पॅलेट. दुकानात पडलेले डबे हायेत.”

ते खरंच तसं होतं. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात यंत्रावर रंग मिसळून देतात. गिऱ्हाईक छटांच्या कार्डावर बघून रंग करून घेतं, भिंतीवर एक हात मारून बघतं आणि म्हणतं, हा नव्हे. एकदा मिसळलेला रंग परत वेगळा करता येत नाही. तो डबा दुकानात पडून राहतो. असे डबे बाई घेऊन यायच्या. पण नुसता डबा घ्यायच्या नाहीत. “कोनाचा?” असं विचारायच्या. कुणी सांगितला, कशासाठी सांगितला, का नाकारला, हे सगळं दुकानदाराकडून ऐकल्याशिवाय डबा उचलायच्या नाहीत. खोल्यांना त्यावरून नावं पडली होती. डॉक्टरीणबाईचा जांभळा. शेठच्या सुनेचा पोपटी. नवरानवरीचा निळा, ज्यावरून म्हणे त्या दोघांचं दुकानातच वाजलं होतं. आमची खोली तळमजल्यावरची, वकिलाचा गुलाबी. एका वकिलाला ऑफिससाठी काहीतरी सौम्य आणि भारदस्त हवं होतं, आणि निघाला तो बडीशेपेच्या गोळ्यांवर असतो तसला गुलाबी. “त्याचे अशील हसले असते,” बाई म्हणाल्या. “तुमी हसा. तुमच्यावर काय खटला हाय?”

बायको हसली. मी फॉर्म भरत होतो.

बाईंचं वय सत्तरच्या पुढे असावं. लुगडं घट्ट नेसलेलं आणि पायात मुलाने दुबईहून पाठवलेले पळण्याचे बूट. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली, मिठागरात राबलेली. गल्ली नव्हती तेव्हा तिथे त्यांचं घर होतं. बाई स्वतः लग्न होऊन आल्यावर डोक्यावरून मीठ वाहायच्या. आता मिठागर नाही, पण प्रत्येक खोलीत एका वाटीत जाडं मीठ ठेवलेलं असायचं. मी विचारलं, “हे दृष्टीसाठी का?” त्या म्हणाल्या, “नाय. बघायला.” राहायला आलेल्या एका मुलीने ते अंघोळीसाठी आहे असं समजून बादलीत टाकलं होतं. तो किस्सा बाई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, त्या मुलीसमोरसुद्धा. ती मुलगी पुढच्या खेपेला आईला घेऊन आली.

बाई अहो-जाहो कुणालाच करायच्या नाहीत. पोलीस असो, परदेशी पाहुणा असो, सगळ्यांना तू. माझ्या बायकोला, पन्नाशी ओलांडलेल्या बाईला, त्या ‘पोरी’ म्हणायच्या. मला ‘मास्तर’. मी शिक्षक नाही, हे मी दोनदा सांगितलं. “बोलतंस तर तसाच,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

हॉटेलचा एकच कडक नियम होता. चार वाजता चहा, आणि तो फक्त गच्चीवर. खोलीत चहा मिळायचा नाही. गच्चीच्या कोपऱ्यात मातीची चूल होती, आंब्याचं लाकूड जळायचं. तिथेच दुपारच्या तांदळाच्या भाकऱ्या, तिथेच चहा. वर आलेल्या माणसाला रिकामं बसू द्यायच्या नाहीत. दिल्लीच्या एका कंपनीचा साहेब कानाला फोन लावून विक्रीच्या गोष्टी करत वाल सोलताना मी पाहिलाय. पहिल्या दिवशी मी काउंटरवर चहा मागितला तेव्हा बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. “खोलीत च्या मागनारा एक त आजारी असतो, नाय तर रागावल्याला. तू कंचा?”

मी म्हटलं, “माझी बायको आजारी आहे.”

“तिचा तिला देते. तुजा वर.”

माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोकांनी केलेला दावा का मंजूर होऊ शकत नाही, हे सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम. अशी पत्रं लिहिण्यात माझा हात बसलेला आहे. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच, त्यामुळे पाणी, कचरा, रस्ता, सगळ्या तक्रारी मीच लिहितो. बायकोच्या बाबतीतही मी तेच केलं. व्यायामाचं वेळापत्रक करून गुलाबी भिंतीवर चिकटवलं. ती उठली की मी, “हळू.” ती बसली की मी, “हळू.” डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं होतं की आता पायऱ्या सुरू करा. मी ते वेळापत्रकात लिहिलंच नाही. आज नको, उद्या बघू, असं करत राहिलो. ती पुन्हा पडेल याची मला इतकी भीती वाटत होती की ती भीती हळूहळू तिलाही लागली. वॉकरशिवाय दारापर्यंतही जाईना.

एका दुपारी मी साडेचारला ऑफिसातून आलो तर खोलीत कुणी नाही. पलंगाशी वॉकर उभा. वॉकर इथे आणि ती नाही. बाथरूम बघितलं. मग धावत जिना चढलो. त्या जिन्याला तेव्हा कठडा नव्हता.

वर चुलीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बायको बसली होती. मांडीवर वालांचं ताट. आचेने तोंड लाल झालेलं. ती हसत होती. ती पडल्यापासून असं खळखळून हसणं मी ऐकलं नव्हतं.

“सव्वीस पायऱ्या आहेत,” ती मला म्हणाली. “मी मोजल्या.”

“कुणी आणलं तुला?”

“कुणी आणलं काय, मीच आले. बाई मागे होत्या.”

“ये मास्तर, च्या घे,” बाई म्हणाल्या. “तुजी बायको रडत चढली आन हसत बसली.”

“आणि पडली असती तर?”

“पडली असती त उचलली असती. मी काय पदर झटकीत होती मागं?”

दिल्लीचा साहेब हसला. सून हसली. बायकोही हसली, आणि ते मला सर्वांत जास्त लागलं. मी चहा न घेता खाली आलो, लॅपटॉप उघडला आणि पत्र लिहिलं. तीन मुद्दे. एक, गच्चीवर उघड्यावर विस्तव. दोन, दाट वस्तीत धूर. तीन, आजारी व्यक्तींना कठडा नसलेल्या अरुंद जिन्यावरून वर नेण्यात येते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात छापून घेतलं आणि जेवायला येताना पोस्टात टाकलं. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की हे नागरिकाचं कर्तव्य आहे. तिन्ही मुद्दे खरे होते. आज वाटतं, खोटे असते तर बरं झालं असतं. कुणी दखल घेतली नसती.

पुढच्या दहा दिवसांत बायको रोज गच्चीवर गेली. मीही जायला लागलो, कारण ती बोलवायची. बाईंनी मला बाजूला घेऊन शिकवलं, “तिच्या दंडाला धरतंस ते सोड. हात लावू नको. दोन पायऱ्या मागं राहा नुसता. तिला वाटला पायजे का मागं कोन तरी हाय, आन धरलेलं नाय.” मी तसं केलं. चौथ्या दिवशी ती मागे वळून न बघता वर गेली. मला वाटलं, पत्र कुठेतरी फायलीत हरवलं असेल. हरवू दे, असं मनातून म्हणतही होतो. पण पालिकेत फोन करून तक्रार मागे घ्यावी, एवढं काही माझ्या हातून झालं नाही. नाव सांगावं लागलं असतं.

मग एका सकाळी पालिकेचे गृहस्थ आले. चांगले होते, बाईंशी अदबीने बोलले, चहाही प्यायले. जाताना नोटीस देऊन गेले. पंधरा दिवसांत खुलासा करावा, तोवर गच्चीवर विस्तव पेटवू नये.

बाईंनी त्यांच्यासमोरच चुलीत पाणी ओतलं.

त्यानंतर चहा खालच्या गॅसवर व्हायला लागला. बाई किटली घेऊन चार वाजता वर जायच्या आणि विझलेल्या चुलीशी बसून राहायच्या. पाहुणे दोन दिवस गेले, मग जाईनासे झाले. सून खोल्याखोल्यांतून चहा पोचवायला लागली. तिला ते सोपंच पडत होतं, पण एकदा मला म्हणाली, “सर, मम्मी जेवत नाहीयेत नीट. गॅसवरची भाकर हातात घेतात आणि ठेवून देतात. मी ह्यांना फोन केलेला दुबईला. ते बोलले, बंदच करून टाका वरचं.” बायकोनेही जिना सोडला. मी म्हटलं, “चल ना, व्यायाम.” ती म्हणाली, “वर काय आहे आता?” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पाचव्या दिवशी बाई आमच्या खोलीत आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत नोटीस होती.

“मास्तर, तू शिकल्याला. ह्याचं उत्तर लिव.”

मी कागद घेतला. माझे तीन मुद्दे तिथे जसेच्या तसे उतरवलेले होते. मला वाचताच येईना. बायकोने माझ्या हातातून तो घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली. पहिला मुद्दा वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याशी आली, “आजारी व्यक्तींना...” आणि थांबली. त्या हॉटेलात आजारी व्यक्ती एकच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं.

बाई मात्र खिडकीतून पलीकडे बघत होत्या. शेजारी दातांचे डॉक्टर राहायचे, एकटे, वयस्कर. दर रविवारी त्यांच्याकडे बाईंच्या दोन भाकऱ्या जायच्या. त्यांनी एकदा म्हटलं होतं की वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो.

“ह्यो दातवाला,” बाई म्हणाल्या. “त्याचंच काम. माजी भाकर खाऊन.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “कुणी केली हे महत्त्वाचं नाही बाई. उत्तर देऊ आपण.”

मग मी माझ्याच पत्राला उत्तर लिहिलं. आयुष्यात तेवढं मन लावून मी काही लिहिलेलं नाही. दावा नाकारायची मला सवय. मागणारा काय म्हणतो हे त्याच्या बाजूने मी कधी मांडलंच नव्हतं. बाई पलंगाच्या कडेला बसून सांगायच्या आणि मी लिहायचो. चुलीवर पत्र्याची शेड आणि धुराडं बसवतो, पाण्याचे पिंप आणि आग विझवायचं नळकांडं ठेवतो, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावतो. बाई म्हणाल्या, “आन असं लिव, का ही चूल बंद केली त म्हातारी खोलीत बसून मरंल.” मी लिहिलं, ‘सदर चूल हा या घराच्या चालीरीतीचा भाग आहे.’ त्या म्हणाल्या, “तेच का?” मी म्हटलं, “तेच.” त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

कठडा चार दिवसांत लागला. रंग कुठला द्यायचा, यावर वाद झाला नाही. उरलेले सगळे डबे संपवले. पालिकेचे तेच गृहस्थ येऊन बघून गेले आणि अटींसह हरकत नाही असं पत्र आलं. ज्या दिवशी चूल परत पेटली त्या दिवशी बाईंनी मला चुलीसमोर पाटावर बसवलं. पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, “ह्या मास्तरान माजी चूल वाचवली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने वाजवल्या नाहीत. मी मान खाली घालून भाकरी मोडली.

आठवड्याने आम्ही डोंबिवलीला परतलो. बायको तीन जिने स्वतःच्या पायांनी चढली. मी दोन पायऱ्या मागे होतो, हात न लावता. कुलूप उघडून आत गेल्यावर ती म्हणाली, “अहो, तुम्ही सांगणार आहात का मी सांगू?”

“मी सांगतो. थोडा वेळ दे.”

थोड्या वेळाचं वर्ष झालं. बाई दर आठवड्याला तिला फोन करायच्या. “जिना चढतेस का गं पोरी? मास्तर मागं असतो का?” मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचो. एकदा फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, “त्या दातांच्या डॉक्टरांना अजून भाकरी जात नाही. त्यांनी विचारलं म्हणे, माझं काय चुकलं. बाईंनी दार लावून घेतलं.”  मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

त्याच रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. बायकोने विचारलं, “मी येऊ का वर?” मी म्हटलं, “ये. माझ्या मागे राहा.”

बाई भाकरी थापत होत्या. आम्हाला बघून त्यांचं तोंड इतकं फुललं की मी तसाच परत फिरलो असतो. पण बायको जिन्यात होती.

“बाई, ती तक्रार मी केली होती,” मी म्हणालो.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “कंची?”

“पालिकेकडे. चुलीची. ते पत्र मी लिहिलं होतं.”

“आन उत्तर?”

“तेही मीच.”

त्यांनी भाकरी उलटली, निखाऱ्यावर उभी केली, फुगली ती काढली. एवढं होईपर्यंत मी उभाच होतो.

“कनाला? कशापायी?” त्यांनी विचारलं.

“धूर होता, बाई. आणि कठडा...”

“धूर नको सांगू. कठडा लावला, तो बरा झाला. मी इचारतेय कनाला.”

मला उत्तर माहीत होतं, पण ते कधी शब्दांत मांडलेलं नव्हतं.  बाई उठल्या, गच्चीच्या कडेला गेल्या आणि खाली बघून हाक मारली, “ओ दातवाल्या, वर ये जरा.” मग माझ्याकडे वळल्या. “मी त्याला वरीसभर चोर समजली. माजं मी बघीन. तुजं तू त्याच्यासमोर बोल.”

डॉक्टर आले. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दम घेत, गोंधळलेल्या चेहऱ्याने. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बायको जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

मी म्हणालो, “डॉक्टर, चुलीची तक्रार तुम्ही केली असं बाईंना वाटत होतं. ती मी केली होती, आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा मी ऐकून घेतलं. मला माफ करा. बाई, माझी बायको माझ्यासोबत दारापर्यंत जात नव्हती आणि तुमच्यासोबत सव्वीस पायऱ्या चढली. ते मला बघवलं नाही, म्हणून मी ते पत्र लिहिलं. माझं चुकलं.”